मसादा: मृत समुद्राकाठच्या ज्यू गडाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मसादाचा विषय निघाला की मला ठरावीक प्रश्न येतात. काही अगदी साधे असतात, तर काहींवर अभ्यासकही अजून भांडतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. मूळ गोष्ट थोडक्यात अशी: पहिल्या शतकात रोमविरुद्ध बंड केलेले ज्यू या गडावर वेढ्यात सापडले आणि रोमनांच्या हाती लागण्याऐवजी त्यांनी मरण पत्करलं, असं सांगतात. वाचण्यापूर्वी एक सांगतो. मसादाच्या गोष्टीला तीन थर आहेत: जोसेफस या इतिहासकाराने लिहिलेलं, मातीत प्रत्यक्ष सापडलेलं आणि विसाव्या शतकाने त्यावर चढवलेलं. बहुतेक गोंधळ हे तीन थर एकमेकांत मिसळल्यामुळे होतो, म्हणून उत्तरांमध्ये मी ते शक्यतो वेगळे ठेवले आहेत.

१. मसादा नक्की आहे तरी काय, आणि कुठे?

इस्राएलच्या आग्नेय भागात यहुदियाचं वाळवंट मृत समुद्राकडे तुटून पडतं. त्या कडेवर एक सुटा डोंगर उभा आहे. चारही बाजूंना कडे, माथा मात्र सपाट. हा माथा साधारण ६०० मीटर लांब आणि ३०० मीटर रुंद आहे. पूर्वेचा कडा सुमारे ४०० मीटरचा, तर पश्चिमेचा जेमतेम १०० मीटरचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच फिरलं.

उंचीचा आकडा नवख्याला हमखास चकवतो. समुद्रसपाटीपासून मोजलं तर माथा फक्त ६० मीटरच्या आसपास भरतो. पण पायथ्याचा मृत समुद्र हा समुद्रसपाटीच्या ४०० मीटरहून जास्त खाली आहे. त्यामुळे खाली उभं राहून पाहिलं की डोंगर अंगावर येतो.

२. ‘मसादा’ बरोबर की ‘मसाडा’?

हिब्रू उच्चार ‘मेत्सादा’ असा आहे आणि त्याचा अर्थच मुळी ‘गड’. ग्रीक आणि लॅटिनमधून जाताना त्याचं ‘मसादा’ झालं. ‘मसाडा’ हे इंग्रजी वाचून आलेलं रूप आहे. मराठीत दोन्ही चालतात. मी मसादा लिहितो, कारण मूळ ‘द’ त्यात टिकतो.

३. गड बांधला कोणी?

आज जे दिसतं ते जवळजवळ सगळं यहुदियाचा, म्हणजे ज्यूंच्या त्या काळच्या देशाचा, राजा हेरोद याचं. त्याच्या आधी ‘योनाथान या महायाजकाने’, म्हणजे ज्यूंच्या मुख्य पुरोहिताने, इथे पहिली तटबंदी केली असं जोसेफस लिहितो. हा योनाथान हास्मोनियन, म्हणजे हेरोदाआधीच्या ज्यू राजघराण्यातला नेमका कोण, यावर एकमत नाही. हास्मोनियन राजा अलेक्झांडर यानाय याची नाणी गडावर मिळाली आहेत, पण त्या काळातलं म्हणून निर्विवाद दाखवता येईल असं बांधकाम मिळालेलं नाही.

इ.स.पू. ४० मध्ये पार्थियन (इराणी) फौजेच्या बळावर हास्मोनियन घराण्यातला अँटिगोनस जेरुसलेमच्या गादीवर आला. तेव्हा रोमच्या बाजूच्या हेरोदाने आपला कुटुंबकबिला, भाऊ योसेफ आणि ८०० शिबंदी मसादावर ठेवली आणि स्वतः मदत मागायला रोमला गेला. मागे गडावरचं पाणी संपत आलं. योसेफ २०० माणसं घेऊन शेजारच्या अरबांच्या नबाती राज्याकडे पळून जायच्या बेतात होता. त्याच रात्री पाऊस झाला, टाकी भरली आणि गड वाचला. पुढे हेरोद राजा झाला आणि त्याने इथे काय काय बांधलं ते पाहिलं की ती तहान तो विसरला नव्हता असं मला वाटतं (प्रश्न ५).

४. हेरोद ज्यूंचाच राजा होता ना? मग त्याला एवढा मजबूत आसरा कशाला लागला?

कारण तो ज्यूंचा राजा होता, पण ज्यूंनी निवडलेला नव्हता. त्याचं घराणं इदुमियन होतं, म्हणजे दोन-तीन पिढ्यांपूर्वी ज्यू धर्मात आलेलं. त्याची आई नबाती होती. गादी त्याला रोमने दिली होती आणि ती हास्मोनियन घराण्याकडून काढून घेतलेली होती. जोसेफसने त्याच्या दोन भीती सांगितल्या आहेत. एक, लोक उठतील आणि जुन्या घराण्याला परत आणतील. दुसरी, इजिप्तची राणी क्लिओपात्रा. ती रोमन सेनानी अँटनीकडे यहुदियाचं राज्य उघडपणे मागत होती.

त्याच्यावर गडात कोंडून घ्यायची वेळ पुढे कधीच आली नाही. इ.स.पू. ४ मध्ये तो मेला, तोही मसादावर नव्हे तर येरीहोला.

५. वाळवंटातल्या डोंगरावर पाणी कुठून आणलं?

मला विचाराल तर मसादावर पाहण्यासारखी पहिली गोष्ट राजवाडा नाही, ही आहे.

इथे वर्षभरात पाऊस नावालाच पडतो. पण पश्चिमेच्या डोंगराळ भागात हिवाळ्यात सर आली की कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढा येतो आणि तासा-दोन तासांत वाहून जातो. हेरोदाच्या लोकांनी गडाच्या दोन अंगांना असलेल्या अशा दोन ओढ्यांवर बांध घातले. तिथून पाटाने, केवळ उताराच्या जोरावर, पाणी डोंगराच्या वायव्य अंगाला आणलं. त्या उतारावर कड्यात दोन रांगांत १२ टाकी खोदली आहेत आणि आतून त्यांना पाणी न झिरपणारा गिलावा दिला आहे. सगळी मिळून क्षमता सुमारे ४०,००० घनमीटर, म्हणजे ४ कोटी लिटर. हजार माणसांनी रोज प्रत्येकी १० लिटर वापरलं तरी भरलेली टाकी जवळजवळ ११ वर्षं पुरतील, असा माझा हिशेब आहे.

पाटाचं पाणी कड्याच्या कमरेपर्यंतच चढायचं. पुढे माथ्यावरच्या टाक्यांपर्यंत ते माणसांच्या नि जनावरांच्या पाठीवरून जायचं. माथ्यावर राजाचा हमामखाना होता, तिथल्या गरम खोलीची जमीन सुमारे २०० बुटक्या खांबांवर उचललेली होती आणि खालून गरम हवा खेळवलेली होती. तिथलं एकूण एक घागर पाणी असं वर गेलं आहे. आपल्या गडांवरची खोदीव टाकी ज्यांनी हाताने चाचपून पाहिली आहेत त्यांना यामागची मेहनत वेगळी सांगायला नको.

६. कड्याला लटकलेला राजवाडा कोणता?

उत्तरेच्या टोकाला, कड्याच्या नाकावर, तीन टप्प्यांत उतरत गेलेला हेरोदाचा महाल. वरच्या टप्प्यावर राहायच्या खोल्या आणि अर्धगोल सज्जा, मधल्या टप्प्यावर गोल इमारत, सगळ्यात खाली खांबांचं दालन. खालच्या दालनातले खांब संगमरवरी वाटतात, पण ते स्थानिक दगडाचे असून वरून गिलावा आहे. भिंतीही तशाच, संगमरवराचा भास देणाऱ्या रंगवलेल्या. उत्तरेचं टोक निवडण्याचं कारण साधं आहे. तिथे दिवसाचा बराच वेळ सावली असते आणि वारा लागतो.

याशिवाय पश्चिमेला सुमारे ४,००० चौरस मीटरचा दुसरा वाडा आहे. गंमत म्हणजे जोसेफसच्या वर्णनात त्याचा पत्ता नाही. लांबलचक कोठारांची संख्या २९. त्यांत इटलीहून आलेल्या दारूच्या रांजणांचे तुकडे मिळाले असून त्यांवर ‘यहुदियाचा राजा हेरोद याच्यासाठी’ असं लॅटिनमध्ये लिहिलं आहे. त्यावरच्या कॉन्सलच्या (रोमच्या त्या वर्षीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या) नावावरून साल निघतं: इ.स.पू. १९.

७. बंडखोर कोण होते? झीलट म्हणतात तेच का?

जोसेफस त्यांना झीलट म्हणत नाही, सिकारी म्हणतो. ‘सिका’ म्हणजे कपड्यात लपवता येईल असा वाकडा खंजीर. जेरुसलेमच्या गर्दीत रोमनांशी जुळवून घेणाऱ्या ज्यूंनाच ते भोसकायचे आणि गर्दीत मिसळून जायचे. झीलट हा बंडातलाच पण वेगळा गट. पुढच्या काळात दोन्ही नावं एक झाली आणि माहितीपटांमधून ‘मसादाचे झीलट’ रूढ झाले.

इ.स. ६६ मध्ये ज्यूंचं रोमविरुद्ध बंड पेटताच यांनी मसादावरची रोमन तुकडी कापून गड घेतला. त्यांचा म्होरक्या मेनाहेम हेरोदाच्या शस्त्रागारातली हत्यारं घेऊन जेरुसलेमला गेला आणि तिथे बंडखोरांच्याच दुसऱ्या गटाकडून मारला गेला. त्याचा नातलग एलाझार बेन याईर निसटून मसादावर आला. शेवटपर्यंत सरदारी त्याच्याकडे होती.

इथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. जेरुसलेमला वेढा पडला तेव्हा हे लोक तिकडे लढायला गेले नाहीत. जोसेफसच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी वल्हांडणाच्या सणात शेजारच्या एन गेदी या ज्यू गावावर धाड घातली आणि ७०० हून अधिक बायका-मुलं मारली. शौर्यगाथा सांगताना हे पान बहुधा उलटलं जातं. ते उलटू नये.

८. सात वर्षं ते तिथे राहिले कसे?

राजाच्या दालनांमध्ये आडभिंती घालून त्यांनी बिऱ्हाडं केली. गडाचा तट दुहेरी आहे, दोन भिंतींच्या मधे खोल्या आहेत. या खोल्यांत मातीच्या चुली, भट्ट्या, कोनाडे मिळाले. घर म्हणून वापरल्याच्या खुणा सगळीकडे आहेत. दोन ठिकाणी धार्मिक शुद्धिस्नानाची कुंडं मिळाली. वायव्य तटाला लागून असलेल्या एका खोलीत भिंतीला धरून बाकांच्या पायऱ्या केल्या होत्या, ते त्यांचं प्रार्थनास्थळ. त्याच्या जमिनीखाली पुरलेल्या धर्मग्रंथांच्या गुंडाळ्यांचे तुकडे सापडले. त्यांत बायबलमधल्या यहेज्केल ग्रंथाचा सदतिसावा अध्याय होता, कोरड्या हाडांच्या खोऱ्याचा, ज्यात हाडं पुन्हा जिवंत होतात.

खापरांवर लिहिलेले ७०० हून अधिक छोटे मजकूर मिळाले. नावं, अक्षरं, ‘याजकाचा दशांश’ अशा नोंदी. म्हणजे भोवती रोमन जग पेटलेलं असताना ही माणसं याजकांचा वाटा वेगळा काढून ठेवत होती. बंडाच्या पाचव्या वर्षाचे चांदीचे शेकेलही मिळाले. ते वर्ष म्हणजे इ.स. ७०, जेरुसलेम पडलं ते. ही नाणी अत्यंत दुर्मीळ आहेत आणि ती शहर पडता पडता कोणीतरी वर आणली असणार.

९. रोमनांनी वेढा कसा घातला? तीन वर्षं चालला म्हणतात ते खरं का?

तीन वर्षं अजिबात नाही. जेरुसलेम इ.स. ७० मध्ये पडलं आणि मसादा त्यानंतर तीन-चार वर्षांनी, त्यातून हा समज झाला असावा. मधल्या काळात रोमन फौज हेरोडियम आणि माखेरूस हे दुसरे दोन गड घेण्यात गुंतली होती.

मसादावर आला तो यहुदियाचा रोमन सुभेदार फ्लेवियस सिल्वा, दहावी लीजन (रोमन पायदळाची मोठी पलटण) आणि मदतनीस तुकड्या घेऊन. त्याने गडाभोवती आठ छावण्या बसवल्या आणि सुमारे ४ किलोमीटरची दगडी भिंत घातली. ही भिंत माणसं बाहेर पडू नयेत म्हणून. चोरवाटेने निसटायचा प्रश्नच राहिला नाही. छावण्यांचे चौकोन माथ्यावरून आजही इतके स्पष्ट दिसतात की राहुट्यांच्या रांगा मोजता येतात. वाळवंटात त्यांच्यावर पुन्हा कोणी काही बांधलंच नाही.

मग पश्चिमेच्या कमी उंच कड्याला (प्रश्न १) चढण घातली. तिथे मुळातच एक पांढरट सोंड होती. तिच्यावर दगड, माती आणि लाकडाची भर घालून रोमनांनी ती तटापर्यंत उचलली. चढणीतली दोन हजार वर्षांपूर्वीची लाकडं आजही बाहेर डोकावताना दिसतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूशास्त्रीय पाहणीनुसार चढणीचा बराचसा भाग निसर्गाचाच आहे. या चढणीवरून लोखंडी पत्र्यांनी मढवलेला बुरूज आणि भिंत फोडणारा धडकओंडका वर गेला.

पूर्वी वेढा काही महिन्यांचा धरत. २०२४ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या गटाने भिंतीची आणि छावण्यांची त्रिमितीय मोजणी केली. त्यांच्या हिशेबाने सुमारे ५,००० माणसांना वेढ्याचं हे बांधकाम दोनेक आठवड्यांत उरकता येतं आणि सगळी मोहीम काही आठवड्यांची ठरते. मला हे पटतं. त्या उन्हात हजारो माणसांना पाणी पुरवत कुठला सेनापती महिनोन्‌महिने बसेल?

१०. चढण ज्यू कैद्यांकडून बांधून घेतली, म्हणून वरच्यांनी दगड टाकले नाहीत, हे खरं का?

गोष्ट हृदयद्रावक आहे, पण जोसेफसमध्ये नाही. तो एवढंच लिहितो की पाणी आणि धान्य दुरून आणायच्या कामाला ज्यू कैद्यांना जुंपलं होतं. बाकीचं नंतरच्या सांगणाऱ्यांनी जोडलं आहे. आणि दगड म्हणाल तर तोफगोळ्यासारखे घडवलेले गोल दगड तटाजवळ ढिगाने सापडले आहेत.

११. शेवटच्या रात्री काय झालं?

जोसेफसने सांगितलेलं असं. ओंडक्याने तट फुटला. आत बंडखोरांनी लाकडी तुळयांच्या दोन फळ्या उभ्या करून मधे माती भरली. ही भिंत धक्के खाऊन उलट घट्ट होत गेली. मग सिल्वाने ती पेटवली. आधी वारा उत्तरेचा होता, ज्वाळा रोमनांवरच उलटल्या. मग वारा फिरला आणि भिंत आतल्या बाजूला जळत गेली. रोमन छावणीत परतले, सकाळी चढाई करायची ठरवून.

त्या रात्री एलाझारने आपल्या माणसांना जमवलं. बायका विटंबनेआधी मरू देत, मुलं गुलामी न पाहता मरू देत, हे त्याचं म्हणणं. पहिल्या भाषणाने काहींचे डोळे भरून आले, ते मागे हटले. मग तो पुन्हा बोलला. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या घरच्यांना जवळ घेतलं आणि स्वतःच्या हाताने मारलं. चिठ्ठ्या टाकून दहा जण निवडले, त्यांनी बाकीच्या पुरुषांना मारलं. दहांत पुन्हा चिठ्ठ्या, एकाने नऊ जणांना मारलं. शेवटच्याने सगळीकडे फिरून कोणी जिवंत नाही ना ते पाहिलं, वाड्याला आग लावली आणि स्वतःवर तलवार चालवली.

मेलेले ९६०. वाचल्या दोन बायका आणि पाच मुलं. पाण्याच्या भुयारी पाटात ती लपली होती. सकाळी रोमन आरोळ्या देत आत शिरले तर समोर फक्त आग आणि शांतता. तेव्हा त्या बायका बाहेर आल्या आणि घडलेलं सांगितलं. वल्हांडणाचा काळ होता, ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याची पंधरावी तिथी.

१२. हे सगळं एकट्या जोसेफसवरून? त्याच्यावर विश्वास ठेवायचा का?

हो, एकट्या त्याच्यावरून. त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याही लेखकाने ही रात्र सांगितलेली नाही आणि तालमूद या ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथामध्येही मसादाचा उल्लेख नाही.

जोसेफस म्हणजे योसेफ बेन मत्तित्याहू. तो स्वतः उत्तरेतल्या गालील प्रांतात ज्यूंच्या बाजूने लढलेला सेनानी. इ.स. ६७ मध्ये तिथलं योतापाता हे तटबंदीचं गाव पडल्यावर तो ४० जणांबरोबर एका गुहेत लपला. सगळ्यांनी मरायचं ठरवलं, चिठ्ठ्या टाकल्या आणि शेवटी उरला तो स्वतः, आणखी एकासह. त्याने रोमनांना शरण जाऊन जीव वाचवला. पुढे रोममध्ये सम्राटाच्या आश्रयाने त्याने युद्धाचा इतिहास लिहिला. मसादाची रात्र त्याने पाहिलेली नाही. पण चिठ्ठ्यांची ती रात्र लिहिताना त्याच्या मनात कुठली गुहा असेल, हे मला दर वेळी वाचताना जाणवतं.

जिथे मोजमाप आहे तिथे तो बरोबर निघतो. तटाची लांबी तो सात स्टेडिया देतो, म्हणजे सुमारे १,३०० मीटर, आणि प्रत्यक्ष तेवढीच आहे. बहुधा सिल्वाच्या फौजेचे कागद त्याच्या हाताशी असावेत. उलट, शत्रूला उपासमारीचा संशय येऊ नये म्हणून बंडखोरांनी कोठारं शाबूत ठेवली असं तो लिहितो, तर खोदकामात बरीच कोठारं जळालेली मिळाली. माझं मत असं: वेढा, चढण, फुटलेला तट आणि लढाईशिवाय झालेला शेवट हा सांगाडा खरा मानावा. भाषणं मात्र जोसेफसची रचना. भुयारात लपलेल्या बायकांनी दोन लांबलचक भाषणं पाठ करून सिल्वाला म्हणून दाखवली, हे संभवत नाही.

१३. एलाझारच्या भाषणात भारताचा उल्लेख आहे असं ऐकलं. खरं?

खरं आहे, आणि हा प्रश्न मला फार आवडतो. दुसऱ्या भाषणात एलाझार म्हणतो की तत्त्वज्ञान आचरणाऱ्या भारतीयांकडे पाहा. ते आयुष्याला नाइलाजाने केलेल्या सेवेसारखं मानतात, आपल्या माणसांचा निरोप घेऊन, पलीकडे गेलेल्यांना निरोप कळवण्याच्या विनंत्या घेऊन अग्नीत प्रवेश करतात. भारतीयांपेक्षा आपण कमी ठरावं, याची लाज वाटू नये का?

वाळवंटातल्या बंडखोराला हे कुठून ठाऊक? ग्रीक वाचकांना मात्र ठाऊक होतं. अलेक्झांडरबरोबर गेलेला भारतीय साधू कालानोस याने सगळ्या सैन्यासमोर स्वतःला अग्नीच्या स्वाधीन केलं होतं आणि ती हकिकत ग्रीक पुस्तकांत प्रसिद्ध होती. ऑगस्टसच्या काळात अथेन्समध्येही एका भारतीयाने तसंच केलं. म्हणून हा उल्लेख म्हणजे भाषण जोसेफसने आपल्या ग्रीक-रोमन वाचकांसाठी लिहिल्याचा सगळ्यात बोलका पुरावा आहे.

१४. त्या चिठ्ठ्या खरंच सापडल्या का?

१९६३ ते १९६५ या काळात इस्राएली पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांनी मोठं उत्खनन केलं. जगभरातून हजारो स्वयंसेवक आले होते. त्यात एका जागी ११ खापरं मिळाली, प्रत्येकावर एकेक नाव किंवा टोपणनाव. एकावर ‘बेन याईर’. या त्याच चिठ्ठ्या असाव्यात असं यादिन यांना वाटलं. अडचण अशी की चिठ्ठ्या दहा हव्यात आणि खापरं अकरा. शिवाय गडावर नावांची शेकडो खापरं आहेत, ती शिधावाटपाचीही असू शकतात. ‘बेन याईर’ वाचल्यावर अंगावर काटा येतो हे खरं, पण काटा हा पुरावा नव्हे.

१५. ९६० माणसं मेली, मग सांगाडे कुठे गेले?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. सगळ्या गडावर मिळून अवशेष मिळाले ते तीसहूनही कमी माणसांचे. तीन उत्तरेच्या महालाच्या खालच्या टप्प्यावर: तिथे चिलखताचे पत्रे, चपला आणि एका स्त्रीच्या केसांची वेणी होती, वेणी अजून विणलेलीच. सुमारे २५ दक्षिण कड्यातल्या गुहेत. १९६९ मध्ये हे अवशेष सरकारी इतमामाने गडाच्या पायथ्याशी पुरले. पण गुहेतल्या हाडांमध्ये डुकराची हाडंही होती, त्यामुळे ती माणसं ज्यू होती की रोमन यावर नंतर वाद झाला.

बाकीच्यांचं काय? जोसेफस सांगतो की रोमनांनी गडावर तुकडी ठेवली. वर राहायचं तर प्रेतं हटवणं भाग होतं. जाळली, फेकली किंवा पुरली असतील. सांगाडे नाहीत म्हणजे घटना नाही, असं म्हणता येत नाही. ९६० हा आकडा सिद्ध झाला, असंही नाही.

१६. हा जोहारच झाला ना? आणि ज्यू धर्मात आत्महत्या चालते?

साम्य आहे, पण फरक मोठा आहे. जोहारात स्त्रिया अग्नीत जात आणि पुरुष दरवाजे उघडून शेवटच्या लढाईला बाहेर पडत. मसादावर कोणी बाहेर पडलंच नाही.

ज्यू धर्मशास्त्रात आत्महत्येला मनाई आहे. चिठ्ठ्यांची रीत पाहिली तर स्वतःच्या हाताने मरणारा फक्त एकच उरतो, तो शेवटचा. अनेकजण तिच्यामागे हेच कारण पाहतात. मात्र बायका-मुलांचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. लपून राहिलेल्या दोघींनी आपलं उत्तर दिलंच आहे.

१७. साल ७३ की ७४?

जुन्या पुस्तकांत ७३ असतं. इटलीत सापडलेल्या शिलालेखांमध्ये सिल्वाच्या हुद्द्यांची यादी आहे. त्यावरून तो ७३ च्या वसंतात यहुदियात पोहोचलाच नसावा असं दिसतं, म्हणून बरेच अभ्यासक ७४ धरतात. ‘७३ किंवा ७४’ लिहिलंत तर चूक नाही.

१८. नंतर गड विसरला कसा, आणि परत सापडला कसा?

पाचव्या शतकाच्या सुमारास ख्रिस्ती साधू येऊन राहिले. त्यांच्या छोट्या चर्चची नक्षीदार फरशी अजून आहे. ते गेल्यावर शेकडो वर्षं शुकशुकाट. १८३८ मध्ये अमेरिकन अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन आणि एली स्मिथ यांनी एन गेदीहून दुर्बिणीतून पाहून हा डोंगर म्हणजेच मसादा, हे ओळखलं. वर चढले ते १८४२ मध्ये दुसरे दोघे.

१९. ‘मसादा पुन्हा पडणार नाही’ हे वाक्य त्या काळचं का?

नाही. ते १९२७ च्या एका हिब्रू कवितेतलं आहे, कवी यित्झाक लमदान. त्यानंतर तरुणांच्या टोळ्या वाळवंट तुडवत गडावर जाऊ लागल्या. इस्राएल झाल्यावर रणगाडा दलाचे जवान मशालींच्या उजेडात माथ्यावर शपथ घेत. गेल्या काही दशकांत तिथेही प्रश्न विचारले जाऊ लागले: ज्या गोष्टीच्या शेवटी सगळे मरतात ती देशाने आदर्श म्हणून घ्यावी का? शपथविधी पुढे दुसरीकडे हलला. एन गेदीची कत्तलही (प्रश्न ७) आता मोकळेपणाने सांगितली जाते.

२०. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, मसादाहून आले का?

तसं दाखवणारा काहीही पुरावा नाही. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. हे बहुधा मसादाच्या दोन-अडीचशे वर्षं आधीचं मानलं जातं. इतिहासाला ती तारीख सिद्ध करता आलेली नाही. खरा धागा आजचा आहे. १९४८ नंतर इस्राएलला गेलेली अनेक मराठी ज्यू कुटुंबं दिमोना, बेर शेवा या दक्षिणेतल्या गावांत वसली. दिमोनाहून मसादा गाडीने साधारण तासाभरावर. शनिवार तेल्यांची (तेल गाळणाऱ्या, शनिवारी काम बंद ठेवणाऱ्या ज्यूंना कोकणात हेच म्हणत) नातवंडं-पणतवंडं शाळेच्या सहलीत हा गड चढतात आणि घरी आजीशी मराठीत बोलतात.

२१. गडावरच्या बीपासून खजुराचं झाड उगवलं, ही अफवा आहे का?

अफवा नाही. यादिन यांच्या उत्खननात मिळालेल्या खजुराच्या बिया चाळीस वर्षं कपाटात पडून होत्या. जानेवारी २००५ मध्ये त्यातल्या काही केतुरा या किबुत्झमध्ये (सामूहिक शेतीच्या वसाहतीत) एलेन सोलोवे यांनी रुजवल्या आणि एक उगवली. कार्बन चाचणीत वय आलं सुमारे २,००० वर्षं. झाडाचं नाव मेथुशेलाह. ते नर निघालं, त्यामुळे स्वतः फळ देत नाही. पुढे इतर ठिकाणच्या प्राचीन बियांपासून मादी झाडंही वाढवली गेली आणि २०२० मध्ये त्यांतल्या एकीवर खजूर धरले.

२२. जायचं झालं तर कुठून चढावं?

पूर्वेकडून सर्पवाट आहे, नागमोडी, सुमारे ३५० मीटरची चढाई. शेजारून रोपवे जातो. पश्चिमेला, अराद गावाच्या बाजूने, थेट रोमन चढणीवरून १५-२० मिनिटांत माथा गाठता येतो. दोन्ही पायथ्यांना जोडणारा थेट रस्ता नाही, म्हणून गाडी कुठे ठेवता ते आधी ठरवा. उन्हाळ्यात पहाटेच निघा. भिंतींवर एक काळी रेघ दिसेल. तिच्या खालचं मूळ बांधकाम, वरचं अलीकडे रचलेलं. ती रेघ पाहत फिरलात तर वाटाड्याची फारशी गरज पडणार नाही.

२३. खाली वेढा घालून बसलेल्या साध्या रोमन सैनिकाचं काही सापडलं का?

सापडलं, आणि ते फार जवळून बोलतं. पपायरसचा एक फाटका तुकडा आहे, गायुस मेसियुस नावाच्या शिपायाचा पगाराचा हिशेब. गाव बेरितस, म्हणजे आजचं बैरूत. पगार मिळाला ५० दिनार. त्यातून कापले: जवाचे १६, खाण्याचे २०, बुटांचे ५, चामडी पट्ट्यांचे २, तागाच्या अंगरख्याचे ७. बेरीज करून पाहा. बरोबर ५०.